बिर्का प्रिन्सेस ते सी डायमंड : आम्ही ज्या बोटीत बसलो होतो ती आता सँटोरिनीच्या तळाशी आहे

उत्तरा_ना

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, गेल्या आठवड्यात कपाट आवरताना जुन्या पासपोर्टात केबिनचं एक प्लास्टिकचं कार्ड सापडलं, वरची अक्षरं अर्धी पुसलेली, 'बिर्का' एवढंच वाचता येतंय, मग म्हटलं आता लिहूनच टाकू.

२००३ साली नवऱ्याच्या प्रोजेक्टमुळे आम्ही स्टॉकहोमला होतो. तिकडे एक पद्धत आहे, शनिवार-रविवारी लोक चोवीस तासांच्या क्रूझला जातात. संध्याकाळी बोट सुटते, रात्रीतून बाल्टिकमधल्या ऑलंड बेटांवर मारिएहाम्नला टेकते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत स्टॉकहोम. तिकीट इतकं स्वस्त की मला आधी खरंच वाटेना. नंतर कळलं की सगळं गणित बोटीवरच्या दुकानाचं असतं. ऑलंड फिनलंडचा भाग असला तरी युरोपियन युनियनच्या करव्यवस्थेबाहेर आहे, त्यामुळे १९९९ मध्ये युनियनच्या आतलं ड्यूटी-फ्री बंद झालं तरी मारिएहाम्नला लागणाऱ्या बोटींचं चालूच राहिलं. लोक जातात, जेवतात, नाचतात आणि बियरचे खोके हातगाडीवर बांधून घरी नेतात.

आम्ही गेलो ती बिर्का प्रिन्सेस. फेब्रुवारी महिना, समुद्र गोठलेला. आमची केबिन सगळ्यात स्वस्तातली, खाली, बिनखिडकीची. रात्री पडल्या पडल्या बाहेरून आवाज सुरू झाला, मोठ्या कढईत कुणीतरी लोखंडी खोरं ओढतंय असा, खर्रर्र, मग धप्प, परत खर्रर्र, आणि भिंतीला हात लावला की ती थरथर हाताला लागायची. मुलगा चार वर्षांचा, माझ्या कुशीत शिरून बसला. मी घाबरून कॉरिडॉरमध्ये आले तर तिथे सफाई करणाऱ्या एक वयस्कर बाई होत्या, त्या म्हणाल्या की हा बर्फ आहे, ही बोट बर्फासाठीच बांधलीय, झोपा शांत. आणि खरंच झोपलो.

एप्रिल २००७ मध्ये पुण्यात टीव्हीवर बातमी बघितली, ग्रीसमध्ये क्रूझ बोट कलली, सगळे प्रवासी उतरवतायत. पांढरी बोट, उजव्या अंगावर वाकलेली, मागे काळा-तांबूस कडा. नाव सी डायमंड. मला काहीच वाटलं नाही. तीन-चार वर्षांनी स्टॉकहोमच्या जुन्या मैत्रिणीशी फोनवर बोलताना ती म्हणाली, अगं ती आपली बिर्काच होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून जमेल तसं वाचत गेले, ते थोडक्यात देते. १९८६ मध्ये हेलसिंकीच्या वाल्मेत यार्डात बांधली, बिर्का लाइनसाठी. लांबी १४३ मीटरच्या आसपास. १९९९ मध्ये जर्मनीत ब्रेमरहाफेनला मोठी दुरुस्ती आणि नूतनीकरण. २००४ च्या शेवटी कंपनीची नवी मोठी बोट आली, बिर्का पॅराडाइज, आणि हिला २००६ मध्ये विकलं. सायप्रसच्या लुई ग्रुपने घेतली आणि अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून ग्रीक बेटांच्या सहलींना लावली.

५ एप्रिल २००७, गुरुवार, ईस्टरच्या आठवड्यातला. दुपारी चारच्या सुमाराला सँटोरिनी बेटाच्या ज्वालामुखीच्या वाडग्यात, म्हणजे ज्याला काल्डेरा म्हणतात त्यात, शिरल्यावर खडकावर घासली. पाणी शिरलं, कलली. अकराशे पंचाण्णव प्रवासी आणि चारशेच्या जवळपास खलाशी, बहुतेक सगळे साडेतीन तासांत उतरवले, नौदल, तटरक्षक, फेरीबोटी, गावातले मच्छीमार सगळे धावले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आधी ती बुडाली.

दोन माणसं बेपत्ता राहिली. फ्रान्सहून आलेले वडील आणि त्यांची मुलगी. आईने सांगितलं की खालच्या केबिनमध्ये पाणी घुसलं, ती स्वतः कशीबशी बाहेर पडली. हे वाचल्यावर मला माझी ती खालची केबिन आठवते, ती भिंत, तो खर्रर्र. त्याच मजल्यावर असतील का, हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

मला इथल्या जाणकारांना विचारायचंय. बर्फ फोडत जाणारी बोट, स्वच्छ दिवसा, शांत पाण्यात, किनारा डोळ्यांसमोर असताना कशी काय गेली? चार्ट, म्हणजे समुद्राचा नकाशा, चुकला म्हणतात, कॅप्टन चुकला म्हणतात. नक्की काय?

चिन्मय_के

बाप रे. अंगावर काटा आला ताई. एक बाळबोध प्रश्न, फेरीबोटीची क्रूझ बोट केली म्हणून बुडाली का? म्हणजे मुळात गाड्या नेणारी बोट, नंतर वर मजले आणि स्विमिंग पूल चढवले की तोल जातो असं कुठेतरी वाचलं होतं.

डेकवरून

चिन्मय, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. मी ३१ वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, त्यातली शेवटची काही पॅसेंजर जहाजांवर, त्यामुळे थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

फेरीची खरी भीती असते तिचा कार डेक. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळा हॉल, मध्ये आडवी भिंत नाही कारण गाड्या आत-बाहेर काढायच्या असतात. तिथे गुडघाभर पाणी आलं तरी जहाज कललं की सगळं पाणी त्या बाजूला धावतं आणि अजून कलवतं. परातीत पाणी घेऊन चालून बघा, लगेच कळेल. २८ सप्टेंबर १९९४ ला एस्टोनिया नावाची फेरीबोट अशीच गेली, टॅलिनहून स्टॉकहोमला येताना, पुढचं नाक वादळात तुटलं, पाणी कार डेकवर आलं, ८५२ माणसं. उत्तराताई, तुमची बिर्का त्याच बाल्टिकमध्ये फिरत होती, त्यामुळे तिच्या खलाशांनी तो सगळा काळ जवळून पाहिला असणार.

पण बिर्का प्रिन्सेस मुळातच वेगळ्या जातीची. गाड्यांची जागा लहानशी, मुख्य धंदा माणसं फिरवून आणण्याचा. त्यामुळे तिची क्रूझ बोट करणं म्हणजे फार काही उलटापालट नव्हती. तिला मारलं ते पाण्याखालच्या फटीने. जहाजाचा खालचा भाग आडव्या बल्कहेडनी, म्हणजे पाणीबंद भिंतींनी, खणांमध्ये वाटलेला असतो, कपाटाचे कप्पे समजा. एक-दोन कप्पे भरले तर जहाज तगतं. खडकावर घासत गेलं की पत्रा लांबलचक फाटतो आणि लागोपाठचे कप्पे भरतात, मग पंप कितीही लावा. बर्फासाठी जो जाड पत्रा असतो तो पाण्याच्या रेषेच्या आसपासचा पट्टा, खाली तळाशी तसा नसतो. आणि बर्फ सरकतो, फुटतो. लाव्हाचा खडक सरकत नाही.

उत्तरा_ना

डेकवरून काका, खूप खूप आभार. जाड पत्र्याचा पट्टा फक्त वर असतो हे माहीत नव्हतं. त्या बाईंचं वाक्य मी इतकी वर्षं धरून बसले होते.

एस्टोनियाचं स्मारक स्टॉकहोमला बघितलंय, ग्रॅनाइटच्या भिंतीवर नावंच नावं. बिर्कावर चढायच्या आधीच्याच महिन्यात.

मोजणीदार

चार्टबद्दल मी लिहितो, माझं आयुष्य समुद्राचा तळ मोजण्यात गेलंय.

जहाज बुडाल्यावर कंपनीने स्वतंत्र मोजणी करून घेतली. त्यात निघालं की तो खडक नौदलाच्या अधिकृत चार्टवर किनाऱ्यापासून ५७ मीटरपर्यंत दाखवलाय, प्रत्यक्षात तो १३१ मीटरपर्यंत पसरलाय. आणि जिथे आपटली तिथे चार्टवर खोली १८ ते २२ मीटर, मोजली तर ५ मीटर. पाच! ग्रीक नौदलाच्या जलसर्वेक्षण विभागाने हे मान्य केलं नाही आणि वाद बरीच वर्षं चालला. पण आकडे वाचून माझ्या पोटात गोळा आला.

लोकांना वाटतं चार्ट म्हणजे फोटो. तसं नसतं. आज मल्टीबीम सोनारने, म्हणजे पाण्यात आवाज सोडून खोली मोजणाऱ्या यंत्राने, तळाचा इंच न् इंच झाकता येतो, पण जगात अजूनही असे चार्ट वापरात आहेत जिथली मूळ मोजणी शिसाच्या गोळ्याला दोरी बांधून केलेली आहे. दोरी जिथे पडली तिथलीच खोली, दोन ठिकाणांच्या मध्ये काय आहे ते देवालाच ठाऊक. साध्या वाळूच्या तळाला ते चालून जातं. ज्वालामुखीच्या पाण्यात नाही, तिथे लाव्हाचा सुळका एकदम भिंतीसारखा वर येतो. शिवाय जुन्या चार्टची जागा आणि जीपीएसने दाखवलेली जागा यांत शेकडो मीटरचा फरक पडू शकतो, डेटम, म्हणजे जागा मोजायचा मूळ आधार, वेगळा असला तर.

त्यामुळे कॅप्टनला एकट्याला सुळावर देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

डेकवरून

मोजणीदार साहेब, तुमच्या कामाबद्दल मनापासून आदर आहे, आमचे जीव तुमच्या आकड्यांवरच चालतात. पण इथे मी तुमच्याशी सहमत नाही.

आकडे परत बघा. चार्ट म्हणतो खडक ५७ मीटरपर्यंत. मोजणी म्हणते १३१ मीटरपर्यंत. जहाजाची लांबी १४३ मीटर. म्हणजे चार्ट शंभर टक्के बरोबर होता असं धरलं तरीही ते जहाज किनाऱ्यापासून स्वतःच्या लांबीपेक्षाही जवळून चाललं होतं! चालतं जहाज इतक्या जवळून नेत नाहीत हो. वळताना शेपूट बाहेर फिरतं, वाऱ्याने ढकललं, इंजिनाने एक मिनिट दगा दिला, तर हातात काही उरत नाही. बरं, तो खडक काही कुणाला माहीत नव्हता असंही नाही, तिथे खडक आहे ही खूण चार्टवर होतीच, प्रश्न फक्त किती पसरलाय एवढाच. माहीत असलेल्या धोक्यापासून किती लांब राहायचं हे चार्ट ठरवत नाही, ब्रिजवरचा, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतला, माणूस ठरवतो.

कॅप्टनने आधी जोरदार प्रवाहाने ओढलं असं सांगितल्याच्या बातम्या होत्या. असेलही. पण प्रवाह असतो म्हणूनच अंतर ठेवायचं असतं.

सँटोरिनीला एक अडचण मात्र खरी आहे, ती सांगितली पाहिजे. तो काल्डेरा म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटात खचलेला डोंगर. मधोमध पाणी काही ठिकाणी चारशे मीटरच्या जवळ खोल, आणि कडेला सरळ भिंत. नांगर टाकायला तळ मिळत नाही. मोठी जहाजं इंजिनावर जागा धरून उभी राहतात आणि छोट्या बोटी प्रवाशांना फिरा या मुख्य गावाच्या जुन्या धक्क्यावर नेतात. त्यामुळे जवळ जायचा मोह होतो, मी नाकारत नाही.

आणि हेच बुडताना अंगाशी आलं. आमच्याकडे शिकवतात की वाचत नसेल तर उथळ पाण्यात नेऊन टेकव, मग तळच तिला धरून ठेवतो. हिला खडकावरून ओढून काढलं, किनाऱ्यालगत ठेवलं, पण तिथे टेकायला जागाच नाही, नुसता उतार. पंधरा तास तरंगली आणि मग घसरत खाली गेली. आता त्या उतारावर तिरकी पडली आहे, नाक साधारण ६२ मीटरवर, शेपूट १८० मीटरवर.

मोजणीदार

जहाजाच्या लांबीचा मुद्दा पटला. तो मी त्या नजरेने पाहिलाच नव्हता. तरी एक म्हणेन, १८-२२ मीटरच्या जागी ५ मीटर, ही चूक उद्या दुसऱ्या कुणाच्याही वाट्याला आली असती, अंतर ठेवूनही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. कॅप्टन आणि काही अधिकाऱ्यांवर हलगर्जीपणाचे आरोप लागले, ते लागायलाच हवे होते. चार्टची जबाबदारीही तितक्याच कडकपणे तपासली जायला हवी होती एवढंच.

डेकवरून

यावर दुमत नाही. +१

वेंगुर्लेकर_आजी

मी इथे नेहमी फक्त वाचते. पण जहाज नांगर टाकत नाही आणि छोट्या बोटीने माणसं उतरवतात हे वाचून राहवलं नाही.

आमच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटायची. जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत वेंगुर्ल्याला, पुढे पणजीला. रोहिणी होती, सरिता होती, कोकण सेवक होती. बऱ्याच बंदरात बोट धक्क्याला लागत नसे, बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि भोंगा द्यायची. मग किनाऱ्यावरून ओरड, "पडाव इलो रे!" पडाव म्हणजे माणसं उतरवायची होडी. पडाव हलतोय, आगबोट हलतेय, दोन्हींचा मेळ बसला की खलाशी काखेत हात घालून पोराला उचलणार आणि खाली पडावातला दुसरा झेलणार. माझ्या आईने माझ्या धाकट्या भावाला असं सोडताना डोळे मिटून घेतले होते ते मला अजून दिसतं. पत्र्याची ट्रंक, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, सगळं तसंच उतरायचं.

आणि रामदास बोट. आमच्या जन्माआधीची गोष्ट, पण घराघरात सांगायचे. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या, धक्क्यावरून सकाळी रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं. किती लोक पोहत कोळ्यांच्या होड्यांपर्यंत गेले. रेवसचे कोळी होते म्हणून जे वाचले ते वाचले. उत्तरा, तू लिहिलंस ना गावातले मच्छीमार धावले, तिथे मला आमचे कोळीच दिसले ग.

उत्तरा_ना

आजी, तुम्ही लिहिलंत ते वाचताना मला शब्द सुचत नाहीयेत. पोराला झेलायचं वर्णन दोनदा वाचलं. अजून लिहा, वेगळा धागा काढा ना आगबोटीवर.

केतकी_प

आजी, वेगळ्या धाग्याला माझाही आग्रह.

फेरीची क्रूझ म्हटल्यावर आपल्याकडचं उदाहरण आठवलं, मुंबई-गोवा आंग्रिया. ती मूळची जपानची ओगासावारा मारू. १९९७ ची, टोकियोहून हजार किलोमीटरवरच्या चिचिजिमा बेटावर जायची. त्या बेटावर विमानतळ नाही, त्यामुळे भाजीपासून डॉक्टरपर्यंत सगळं तिच्यातूनच यायचं. २०१६ मध्ये नवी बोट आल्यावर तिला निवृत्त केलं आणि २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ती माझगावहून गोव्याला धावायला लागली, कान्होजी आंग्र्यांचं नाव घेऊन. आम्ही २०१९ च्या डिसेंबरात गेलो होतो, सासूबाई रात्रभर डेकवर बसून होत्या, जयगडचा दिवा कुठला, रत्नागिरीचा कुठला ते सांगत. लॉकडाउन लागला आणि ती सेवा थांबली. बुडाली नाही, पण सासूबाई अजून विचारतात परत कधी जायचं म्हणून.

चिन्मय_के

डेकवरून काका, अजून एक. इतके लोक साडेतीन तासांत उतरले हे चांगलं म्हणायचं का वाईट? आणि आपण क्रूझला गेलो तर नक्की काय करावं?

डेकवरून

चांगलंच म्हणेन, पण नशिबाची साथ मोठी होती. उजेड, शांत पाणी, जवळ बंदर, आणि जहाज पंधरा तास तरंगलं. ग्रीसने २००० च्या सप्टेंबरात पारोस बेटाजवळ एक्सप्रेस समीना ही फेरीबोट रात्रीच्या वाऱ्यात खडकावर गमावली होती, तिथे ८० हून जास्त माणसं गेली. यातलं एकही सी डायमंडच्या बाबतीत उलट असतं तर आकडा दोन राहिला नसता. अर्थात त्या आईसाठी दोन म्हणजे सगळंच.

काय करावं म्हणशील तर, चढल्याबरोबर केबिनपासून उघड्या डेकपर्यंतची वाट एकदा पायाने चालून ये. लिफ्टने नाही, जिन्याने. दारं मोज. अंधारात भिंतीला हात लावत जायचंय असं समजून चाल. ड्रिलला, म्हणजे जहाज सोडायच्या सरावाला, गैरहजर राहू नको. पूर्वी नियम होता की प्रवासी चढल्यापासून चोवीस तासांत ड्रिल घ्यायची, म्हणजे लोक एक रात्र काहीच न शिकता झोपायचे. २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट गेली, तीही किनाऱ्याच्या जास्त जवळ जाऊनच, आणि मग नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या लगेच. आणि खालच्या केबिनमध्ये असशील आणि विचित्र आवाज आला, तर घोषणेची वाट बघू नको. जॅकेट, चपला, पोरं, आणि वर.

मोजणीदार

एक राहिलं. जहाजात साधारण ४५० टन इंधन होतं. वर्षं गेल्यावर २००९ मध्ये उपसायला सुरुवात केली, तोवर थोडं थोडं गळतच होतं. सांगाडा मात्र तिथेच आहे. बेटावरचे लोक सारखे मागणी करत आलेत की उचला. जहाज म्हणजे नुसतं लोखंड नसतं, त्यात रंग, केबल, बॅटऱ्या, फ्रीज, सगळं कुजत असतं.

केतकी_प

आम्ही २०१६ ला सँटोरिनीला गेलो होतो! तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. तिथल्या अथिनिओस बंदराच्या धक्क्यावर परतीच्या फेरीची वाट बघत उन्हात उभे होतो, बॅगांवर बसून. पाण्यात बॉयांचं एक कडं तरंगत होतं, किनाऱ्याला अगदी लागून. मला वाटलं मासे पाळतात तसलं काहीतरी. आमच्या टॅक्सीवाल्याला विचारलं तर तो एवढंच म्हणाला, "खाली जहाज आहे", आणि बॅगा उतरवायला लागला. मी फोटो काढला होता, त्यात ते कडं कोपऱ्यात आलंय, शोधून टाकते.

उत्तरा_ना

टाक ग. मुलाला दाखवायचाय. तो आता सव्वीस वर्षांचा आहे, बोटीतलं बाकी काही आठवत नाही म्हणतो, फक्त तो आवाज आठवतो.